तिसऱ्या वहीतलं पान

मळारच्या क्लबाच्या पाच स्कोअरवह्या माझ्याकडे आहेत,
तांदळाच्या डब्यामागे, कडुलिंबाचा पाला घालून.
तरी दुसरीला कसर लागलीच.
शहात्तरच्या फायनलमधला आमचा डावच तेवढा तिने खाल्ला.
एकतीसवर सगळे बाद झालो होतो. काही बिघडलं नाही.

एकोणऐंशीला भात कापलेल्या शेतात
काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकली.
इनास वाझनं फेस्ताला घेतलेले बूट घातले,
दोन षटकांत फोड आले,
मग अनवाणी सात बळी.
त्या रात्री कपातून हुर्राक फिरला.
शाबा देसायाच्या भजनी बापानंही घोट घेतला
आणि मिशी पुसत म्हणाला, कोकम बरं झालंय.

ब्याऐंशीबद्दल मळारमध्ये कोणी बोलत नाही.

आणि पंच्याऐंशी.
नार्व्याचा संघ फेरीबोटीतून आला:
अकरा खेळाडू, एक ढोल,
आणि जिंकल्यावर कापायला एक बोकड.
तो दिवसभर मेरेवरच्या माडाला बांधलेला,
आमच्या प्रत्येक चौकाराला ओरडायचा.

आमच्या डावाचं चौदावं षटक.
पेन्सिलीचं टोक मोडलं.
मी ब्लेड शोधली, टोक काढलं, मान वर केली,
तर चेंडू कांदळातून परत येत होता
आणि दोघे फलंदाज धापा टाकत उभे.
कितले? मी ओरडलो.
रुझारनं लांबून दोन बोटं दाखवली.
मी दोन लिहिल्या.

आम्ही एकशे बारा. ते एकशे अकरा.
शेवटच्या चेंडूवर त्यांच्या फोंडू घाड्यानं
दुसऱ्या धावेसाठी अंग झोकलं, पोटावर घसरत आला,
बेल्स आधी पडल्या.
मग तो तसाच, छातीवर चिखल,
माझ्या टेबलाशी आला. वही मागितली.
एकेका रकान्यावरून बोट फिरवत मोजू लागला.
चौदाव्यापर्यंत पोचलाच होता
आणि धक्क्यावर शेवटच्या फेरीचा भोंगा झाला.
बरोबर आसा, म्हणाला. सही केली.
त्याच्या अंगठ्याचा चिखल अजून पानावर आहे.

रात्री तंबू सोडताना रुझार म्हणाला,
कसला रे तू, दोन बोटं ओठांना लावून
बिडी मागत होतो, दिली नाहीस.

त्याचे ओठ मला दिसले नव्हते.
असं मी मला सांगत आलो आहे.
ऊन डोळ्यांवर होतं, हेही सांगितलं आहे.
ऊन पाठीमागे होतं.

त्यानंतर चार फायनली जिंकलो, तीन गमावल्या,
रुझार वारला, इनास लिस्बनला गेला,
शेतात आता दिव्यांचे खांब आहेत, रंगीत टी-शर्ट,
धावा मोबाइलवर मोजतात.
मला खुर्ची आणि टोपी देतात.

गेल्या चैत्रात वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून
मी फेरीत चढलो.
पायी माणसाला भाडं नसतं.
नार्व्याला फोंडू मुलाच्या दुकानात गळ आणि दोऱ्या विकत होता.
ओळखलं. सोडा फोडला.
दोन नातवंडं बोलावली आणि उभा राहिला,
गुडघे दुखत असूनही, काउंटरमागच्या अरुंद जागेत,
तो शेवटचा चेंडू दाखवायला.
एका धावेन, बाबांनो! एका धावेन!
बॅट म्हणून त्यानं मोजपट्टी धरली होती.
नातवंडांना गोष्ट पाठ असावी,
पडायच्या आधीच ती हसू लागली.

आणि बोकड? मी विचारलं.
तो सात वर्षं जगला, फोंडू म्हणाला,
बायको त्याला मळार म्हणायची.

पिशवी मांडीवर होती. खोडरबर खिशात.
बरोबरी हा शब्द
सोड्याच्या बाटलीतल्या गोटीसारखा
गळ्याशी खाली-वर होत राहिला.
मग धक्क्यावर भोंगा झाला
आणि मी, त्याच्यासारखाच,
घाईघाईनं उठलो.