टाचण्या

फळ्याचं आणि माझं एकतीस वर्षं जमलं.
त्याने कधी पासवर्ड मागितला नाही.

हा पडदा मात्र रोज सकाळी विचारतो, तू कोण?
मी लिहिते: बुरुलकान, पुढे जन्मसाल.
चूक, म्हणतो.
मागच्या बाकावरून नुरदोलोत ओरडतो,
एजेके, पहिलं अक्षर मोठं!

नारिनला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
शहरी बुटांतला एक पोरगा म्हणाला,
दोन बोटांनी जग मोठं करा.
पहाटे गाईची धार काढून आलेली ही बोटं,
भेगांत खडू बसलेली.
काच त्यांना ओळखत नाही.
जग निसटतं आणि थेट समुद्रात जाऊन पडतं.
आमच्या देशाला समुद्र नाही.
मुलं पोट धरून हसली.

तरी वहीत मी सगळं उतरवून ठेवलंय:
हिरव्या गोलावर टिचकी. मग थांबणं.
मग पुन्हा थांबणं.

गुरुवारी वीज होती.
आठवीचा वर्ग, कोळशाची शेगडी,
एकोणीस मुलं, अकरा फोन.
सगळ्यांनी मिळून एकच नकाशा उघडायचा,
आपापल्या घरावर लाल टाचणी लावायची.
बस, एवढंच.
घरी चार वेळा करून पाहिलं होतं
नवऱ्याला विद्यार्थी करून.
तिसऱ्या वेळी तो झोपला.

पहिली टाचणी पुलाजवळ उगवली.
दुसरी गिरणीमागे. मग भराभर.
बेगायिमची दिसेना.
लागली नाही तुझी, पुन्हा दाब, मी म्हटलं.
लागलीय, ती म्हणाली. नकाशा लहान करा.

मी दोन बोटं जवळ आणली.
डोंगर विरले, सरहद्द विरली,
सगळा गवताळ प्रदेश सरकून गेला
आणि पार वर, येकातेरिनबुर्गात,
एक लाल ठिपका.
आई तिथे गोदामात असते.
घर म्हणालात ना तुम्ही.

मग कुणी काही विचारलं नाही.
पुलाजवळची टाचणी हलली.
गिरणीमागची हलली.
मॉस्को. मॉस्को. काझान. पुन्हा मॉस्को.
एक सोलला.
आणि सिरगाकची, जो या वर्षी वर्गात
एक शब्द बोललेला नाही,
कुठल्याशा महामार्गावर,
जिथे गावाचं नावसुद्धा नाही.
बाप ट्रकवर असतो त्याचा.

माझ्या डोळ्यांदेखत गाव ओस पडलं.
एक बाण असतो, मागे वळलेला,
तो दाबला की केलेलं न केलेलं होतं.
प्रशिक्षणात तेवढं एकच मला नीट आलं होतं.
बोट त्यावर ठेवलं.
काढून घेतलं.

पडद्याच्या मागे जुना नकाशा अजून टांगलाय,
मोडून गेलेल्या देशाचा.
उतरवायला शिडी कोण आणणार?
त्याच्यावर छडी ठेवून मी शहरं पाठ करून घेतली
यांच्या आयांकडून.
बेगायिमची आई पहिल्या बाकावर बसायची.
तिच्या शहराचं नाव तेव्हा बदललं होतं,
मी मात्र नकाशावरचंच शिकवलं: स्वेर्दलोव्स्क.
एका दमात म्हणायची.
स्टेशनवर उतरून हेच नाव
शोधत फिरली असेल का?

एजेके, तुमची टाचणी?
कशी लावतात, मी विचारलं.
येत होतं मला.
विचारलं सिरगाककडे बघत.

तो उठला. खुर्ची पडली, उचलली.
माझं बोट त्याने काचेवर धरलं, हात गार त्याचा.
शाळेवर लाव, मी म्हटलं.
त्याने नकाशा मोठा केला, आणखी मोठा,
पत्र्याचं छप्पर दिसेपर्यंत.

इथे तुम्ही एकट्याच आहात, तो म्हणाला.

चित्र जुनं असावं.
दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही तोडून जाळलेला
अंगणातला पोपलर
त्यात अजून उभा होता,
सावलीसकट.