रेघ नाही, शून्य

एप्रिल निम्मा सरला की
आयर्विन पुलाखालची फुटपट्टी
पाण्याला टेकत नाही.
पुरात अख्खं सांगली तिच्याकडं बघतं.
आता बघणारे आम्ही चौघं:
तनुजा आवटी, शाळेत विज्ञान शिकवते,
शकील मुजावर, पंक्चरचं दुकान साडेपाचला ओढून घेतो,
त्याची पुतणी अलफिया, बॅटरी धरायला,
आणि मी, पद्मण्णा मगदूम,
हळदीच्या पेठेत एकतीस वर्षं तोलार.

लांब कुठंतरी समुद्राकाठच्या शहरात म्हणे
पुनवेच्या भरतीला माणसं वाळूत उतरतात,
घोड्याच्या नालेसारखे खेकडे मोजतात,
उताणे पडलेले सुलटे करतात.
तनुजानं फोनवर दाखवलं.
आमच्याकडं कुठली भरती?
कोयनेचं दार किती उघडलं, किती मिटलं,
तीच आमची पुनव, तीच अवस.

दार मिटलं की हरिपूरच्या खालच्या अंगाला
चिखल उघडा पडतो. चिखलात शिंपले,
काळपट, तळव्याएवढे,
पाणी माघारी येईल या भरवशावर
तोंड मिटून बसलेले.

काम साधं आहे.
पाइपची चौकट चिखलावर टेकवायची, मीटर बाय मीटर,
आत बोटं घालून चाचपायचं.
तीन रकाने: जिवंत, मेलेला, नुसतं टरफल.
कॅलिपरनं लांबी, पाठीवर नेलपॉलिशनं आकडा,
तोवर ओल्या पोत्याखाली विसावा.
मग पाण्यात ठेवायचा. फेकायचा नाही.

आई असती तर म्हणाली असती,
बस्तीत जाणाऱ्या घरातला तू, आणि हे हातात?
पण आई, उभ्या जन्मात जे जे मोजलं
ते विकलं गेलं.
मोजून जागच्या जागी ठेवायचं
असं हे पहिलंच.

पहिल्या दिवशी तिसरी चौकट रिकामी निघाली.
पेढीच्या वहीत मारायचो तशी
मी रकान्यात रेघ मारली.
तनुजानं पेन धरलं.
"काका, रेघ म्हणजे बघितलंच नाही.
शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हतं."

घरी भाकरी मोडताना ते पुन्हा वर आलं.
मिरजेत धाकट्या भावाची गल्ली लागते,
स्कूटर तिथं मी कधी हळू केली नाही.
एकवीस वर्षं,
रेघ, रेघ, रेघ.

घाटावरचे विचारतात, खाता काय?
मोती निघतो काय? पैसे किती देतात?
"शून्य," शकील म्हणतो, "रेघ न्हाई."
आणि आपल्याच विनोदावर
खोकला येईपर्यंत हसतो.

एक्केचाळीस नंबर तीनदा सापडला.
दोन वर्षांत बारा पावलं चालला होता,
माझी पावलं नव्हे, अलफियाची.
लाल आकडा अर्धा झिजलेला.
तिनं तो पुन्हा रंगवला,
मग उरलेल्या रंगात स्वतःचं एक नख.

ऑगस्टचं पान मात्र सगळं रेघांचं.
आणि ते खरंच आहे. आम्ही बघायला गेलो नाही,
नदीच आम्हाला बघायला आली होती.
वही शकीलनं ट्रकच्या ट्यूबमध्ये गुंडाळून वाचवली,
दुकान नाही वाचलं.

नवव्या दिवशी कुलूप काढलं.
भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर ओल.
खालच्या फडताळात, तांब्याच्या आड, गाळात
एक शिंपला.
बिनआकड्याचा.
बोट लावलं, तशी फट मिटली.

कॅलिपर कुणाच्या शेतात गेलं कोण जाणे.
बोटावर मापला, दोन पेरं आणि वर थोडं.
टॉवेल भिजवून त्यात ठेवला,
घाटापर्यंतचा रस्ता अजून रस्ता झाला नव्हता,
तरी गेलो.

आल्यावर वहीच्या समासात लिहिलं:
चौकट, स्वयंपाकघर.
जिवंत, एक.
तनुजाला अजून विचारलेलं नाही
असं लिहिलेलं चालतं का.