ब्लोहोल

ओपन स्पेस क्रमांक तीन:
नकाशात हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेली,
प्रत्यक्षात तीस वर्षं राडारोड्याची.
विटांचे तुकडे, फुटका कमोड, मांडवाचे कुजके बांबू
आणि सगळ्यांच्या तळाशी
फाउंड्रीची जळकी वाळू.
चिमूट चोळून वास घेतला, ओळखली.
चौतीस वर्षं हिच्यातच साचे दाबले मी
शिरोलीच्या शेडमध्ये.

मीटिंगमध्ये निम्म्यांना पेव्हिंग ब्लॉक हवे होते.
‘चारचाकी लावायची कुठं?’ हुजरे म्हणाले,
ज्यांच्याकडं तेव्हा स्कूटर होती.
रेहाना बागवान, शाळेत विज्ञान शिकवायच्या,
उठून म्हणाल्या, ‘फुलपाखरं आणूया.’
मागनं कुणीतरी, ‘कुठनं? मार्केट यार्डातनं?’

पहिल्या रविवारी आठ जण आलो.
दुसऱ्या रविवारी तीन.
शेण, ताक, गूळ, बेसन कालवून ड्रम भरला,
वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला
आणि तिसरा मजला भांडायला खाली आला.
भांडता भांडता
चार पाट्या माती ओढून गेला.

लावलं काय, तर रुई, पानफुटी, खुळखुळा, एरंड.
शकुंतला मगदूम कमरेवर हात ठेवून उभ्या:
‘हे उपटण्यात माझी निम्मी जिंदगी गेली,
आणि तुम्ही पाणी घालताय व्हय?’
त्यांनी कढीपत्ता लावला. एकच रोप. आमटीसाठी.

श्रावणात त्याच्या पानांवर
पाखराच्या विष्ठेगत काहीतरी चिकटलं.
मग ते हिरवं झालं, करंगळीएवढं,
आणि चालायला लागलं.
आठ दिवसांत झाडाचा खराटा.
मगदूम काकू औषधाचा पंप पाठीवर घेऊन आल्या.
मध्ये शिरगुप्पे अण्णा,
जे चातुर्मासात पालेभाजीला शिवत नाहीत:
‘मारायचंच असलं तर आधी माझ्यावर मारा.’
‘सरका. तुमची आमटी वेगळी, आमची वेगळी.’
पंप त्या दिवशी चालला नाही.
नोझल तुंबलं होतं, असं काकू सांगतात.
अजून तेच सांगतात.

मी आणलं एक कास्टिंग.
गिअरबॉक्सचं हाउसिंग, रिजेक्ट,
शहाण्णव साली माझ्या हातून गेलेलं.
कडेला ब्लोहोल, बोटाचं पेर जाईल एवढं.
साच्यात वाफ कोंडली
आणि लोखंडात तिनं आपली जागा धरली.
चार माणसांत सुपरवायझरनं
त्या भोकात बोट घालून दाखवलं होतं.
इन्क्रिमेंट गेली.
भंगारातनं मीच ते विकत घेतलं, का ते विचारू नका.
जिन्याखाली पडून होतं.

आता उताणं ठेवलंय, पाणी भरून.
शिंजीर काठावर येतो, चोच बुडवतो, संशयानं बघतो.
एक बेडूक तर भाडं न देता राहतोय.
पहाटे ओल्या मातीवर मुंगसाचे पाय उमटलेले,
ते बघायला बायकामाणसं चहा घेऊन खाली येतात.

आणि परवा ती आली.
कुंभारीण. बारीक कंबर, तोंडात चिखलाची गोळी.
दिवसभर खेपा.
संध्याकाळी ब्लोहोलचं तोंड लिंपलेलं होतं.
चष्मा पुसून पाहिलं:
फिनिशिंग माझ्यापेक्षा चांगलं.
रेहानाबाई म्हणाल्या, आत एक अंडं असेल
आणि शिदोरीला तीन-चार बारक्या अळ्या,
लुळ्या पाडलेल्या, जिवंत.
अण्णांना हे सांगायचं नाही, असं ठरलं.

हुजऱ्यांची चारचाकी दिवाळीत आली.
बोर्डावर पत्र लागलंय, मीटिंग रविवारी,
विषय तोच.
काय होईल माहीत नाही.
एवढं ठाऊक आहे की भरलेल्या साच्याला
लगेच हात लावायचा नसतो.
रोज सकाळी जाऊन बसतो
कास्टिंगजवळ, पायरीवर.
बघू,
आधी काय फुटतंय.