सुकती

डेटा माझा, रोजचा दीड जीबी.
फोन खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधलेला,
कारण ट्रॉम्बेच्या या दुसऱ्या मजल्यावर
रेंज येते ती खाडीकडूनच.

चाळीस मुलं, सहा टॅब.
(सातवा चार्जिंगला लावलाय, म्हणतात मुख्याध्यापक. जूनपासून.)
मुलुंडच्या एका सातवीबरोबर आज
एकच पान लिहायचं: 'आपल्या शहराचं पाणी'.
पान एक, शाळा दोन,
लिहिणाऱ्या प्रत्येक बोटाची एक रंगीत रेघ,
रेघेच्या डोक्यावर नाव.

भाविका वैती, हिरवी.
तिनं लिहिलं, सुकती लागली की आमच्या जेटीखाली चिखल उघडा पडतो.
निहार साठे, निळा.
त्यानं 'सुकती' पुसलं, 'ओहोटी' लिहिलं.
तिनं परत लिहिलं.
त्यानं परत पुसलं.
पाच वेळा पाणी आत, पाच वेळा बाहेर.

मी फळ्याजवळ. बोलावं की नाही?
पुस्तकात ओहोटीच आहे.
पेपरात सुकती आलं तर मीच लाल गोल करते.
केलाय. हिच्याच पेपरात, दिवाळीआधी.

मग समासात छोटी चौकट उघडली.
'हा शब्द चूक आहे.'
'मग माझा बाप रोज चुकीच्या टायमाला होडी काढतो काय?'

मुलुंडहून बराच वेळ काहीच नाही.
तीन टिंबं. गेली. पुन्हा तीन टिंबं.
एका टॅबवर सात डोकी, खोबरेलाचा वास.
'मग उधाण कधी असतं?'

सुटलीच भाविका.
पुनवेला, अवसेला. अष्टमीला भांग,
भांगाचं पाणी आळशी, जाळं रिकामं.
हिरवी रेघ ऱ्हस्व-दीर्घ तुडवत पुढे,
निळी तिच्या मागून, वेलांट्या सरळ करत,
शब्दांना हात न लावता.

मैनुद्दीन वर्षभर 'हजर' सोडून काही बोललेला नाही.
त्यानं टॅब ओढला,
एका बोटानं, अक्षर हुडकत हुडकत लिहिलं:
इथलं पानी जातं तेव्हा कुनाकडे भरती असते?

रेघा थांबल्या. सगळ्याच.
मी खडू उचलला. चंद्र, पृथ्वी, दोन वर्तुळं,
पाठ आहे मला हे,
तेवढ्यात डेटा संपला.
टॅबवर चाक फिरत राहिलं.
भाविकानं खिडकीतून खाली पाहिलं.
"आत्ता सुकतीच आहे, बाई.
साडेचारला बघू."

रात्री घरी पान उघडलं.
मैनुद्दीनच्या 'पानी'तल्या न चा ण करायला
बोट गेलं,
परत आलं.
त्याच्या ओळीखाली निळ्या नावानं कुणीतरी जागं होतं:
आमच्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही.
पण पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं.
तेच का ते?