जाण्याची वेळ

पाटीवर अजून तेच: 'नार्वेकर लॉजिंग. बोटीच्या उतारूंची सोय.'
बोट बंद होऊन इतकी वर्षं झाली
की उतारू म्हणजे काय,
हे पाण्याचे जार आणणारा पोरगा मला विचारतो.

आजोबांनी माझगावात हा मजला घेतला तेव्हा
भाऊच्या धक्क्यावरून माणसं चालत यायची,
डोक्यावर फणस, काखेत पोर,
दर्या लागून हिरवे पडलेले चेहरे.
आधी लिंबू-मीठ, मग भाडं:
सव्वा रुपया, खाट स्वतंत्र.
भिंतीवर सूचना: खोलीत सुकट टांगू नये.
टांगत. खिळे आहेत अजून.

गोदीत स्फोट झाला त्या दुपारी
सगळ्या काचा रस्त्यावर गेल्या.
आजोबांनी खिडक्यांना बिस्किटांच्या डब्यांचे पत्रे ठोकले
आणि वहीत लिहिलं:
आज माणसं एकोणीस, पैसे घेतले नाहीत.
एवढंच. पुढच्या ओळीत रॉकेलचा हिशेब.

वहीला सहा रकाने. नाव, गाव, धंदा, कारण,
येण्याची वेळ, जाण्याची वेळ.
कारणाच्या रकान्यात
गिरणीत चिकटणे. डोळा दाखवणे.
भावाला शोधणे.
(चार दिवसांनी, तेच अक्षर: भाऊ भेटला, ओळख देईना.)
एकीने नुसतं 'कंटाळा' लिहिलंय.

आणि अनंत कुबल, आचरे, जहाजावर आगवाला.
कारण: बोट मिळेपर्यंत.
खोली सात, आठ दिवसांचे आगाऊ.
तिसऱ्या रात्री पान खाऊन येतो म्हणून जिना उतरला.
शेवटचा रकाना कोरा.

वही भरली की आजोबा त्याची ओळ
नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेत.
पुढे बाबा.
एकदा बिल्डर आला, पेढे घेऊन.
बाबा म्हणाले, गिऱ्हाईक आत असताना
शटर कसं ओढणार?
तो हसला. बाबा नाही हसले.
पेढे मात्र सगळ्या खोल्यांत वाटले.

आता माझं अक्षर.
कॉम्प्युटरही घेतलाय, पण त्यात
जाण्याची तारीख टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही,
म्हणून कुबल वहीतच राहिलाय.

काल रात्री सव्वाबाराला वैजनाथ बिडवे, औसा.
हातात एक्स-रेचं पाकीट, छत्री, घरची उशी.
बायको परळला, वॉर्डात;
पुरुषमाणसाला रात्री थांबू देत नाहीत.
सगळं भरलेलं. खिळ्यावर एकच चावी.
म्हटलं, सात नंबर देते,
पण ती खोली एकाच्या नावावर आहे.
रात्री दार वाजलं तर खाट सोडावी लागेल.

कोण, कधीचा, काही विचारलं नाही त्यांनी.
उशी काखेत घट्ट धरून म्हणाले,
'सोडायची कशाला, मी खालीच निजतो.
आले तर सांगा त्यांना,
खाट मोकळी हाय म्हणावं.'