हजेरीपट

चोडणच्या पंचायतीचा वरचा हॉल.
ज्येष्ठांसाठी, दुपारी तीन ते साडेपाच.
बारा निळ्या खुर्च्या, दोन कॅरम,
फक्त डावीकडेच वळणारा पंखा,
आणि मी, कारकून, कोण किती वाजता आलं ते लिहायला.
वेळेचा रकाना भरला नाही
तर चहाचे पैसे मंजूर होत नाहीत.

रुझार कार्दोज, वय एक्क्याऐंशी:
सोमवारी तीन दहा.
मंगळवारी चार.
बुधवारी पाचला दहा कमी.
गुरुवारी मी कुलूप लावत होते तेव्हा जिन्यावर भेटला,
विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.
म्हटलं, आता येऊन काय उपयोग?
तो म्हणाला, बाय, तूं वच. म्हाका घाय ना.

मग दहा-बारा दिवस पत्ताच नाही.
मी लाल शाईने शेरा मारला: अनियमित.

महिनाअखेर बेरीज करताना बोट अडलं.
पन्नास मिनिटं. पन्नास. पुन्हा पन्नास.
पंधरवड्याने परत तीन दहा.
पंचांग काढून पाहिलं:
शुद्ध पंचमी, वद्य पंचमी.

तुळशीदास मास्तर चहा सांडेपर्यंत हसले.
अगो, तो मानशीवर जातो!
खाजनाच्या बांधातलं ते लाकडी दार
चाळीस वर्षं त्याने सांभाळलं.
आता पावणी दुसऱ्याची, पगार दुसऱ्याचा,
पण सुकती लागून दार उघडल्याशिवाय
याचा पाय तिथून निघत नाही.

सगळ्या हॉलमध्ये
तो एकटाच वेळेवर येत होता.

मी वर पत्र लिहिलं नाही.
सहा खुर्च्या टेम्पोत घातल्या आणि बांधावर नेल्या.
आपोलिनाबाय कडाडली, रोज निराळी वेळ?
आणि माझं इन्सुलिन काय समुद्राला विचारून घेऊ?
मास्तरांनी रेशन दुकानाबाहेर फळा टांगला,
उद्याची वेळ, खडूने, वळणदार.
अर्धा गाव त्यांनी पाढ्यांसाठी झोडला होता,
तोच गाव आता जाळी खांद्यावर टाकून
त्यांचं अक्षर वाचत उभा राहतो.
द्रौपदीबाय तिघांना फोन करते, ज्यांना दिसत नाही:
उद्या पाच चाळीस. काठी आण. कवळी पण आण.

भिकू शेट मात्र आला नाही.
त्याला पंखा हवा, कॅरम हवा, तीन म्हणजे तीन.
मग मीच वर जाऊन त्याच्याशी खेळते.
तो राणी खिशात घालतो. मी बघत नाही.

मानशीवरचा मुलगा सोमरा, झारखंडचा,
आधी कोंकणी शिव्या शिकला, मग पाणी.
रुझार त्याचा तळवा धरून फळीवर दाबतो.
थरथर थांबली? आता पाणी विचार करतंय.
बोलू नको.
सोमरा बोलत नाही.
आपोलिनाबायसुद्धा तेवढा वेळ बोलत नाही.

श्रावणात रुझारला बांबोळीला नेलं.
छातीत पाणी, डॉक्टर म्हणाले.
तो म्हणाला, भरतीचं की सुकतीचं?
नर्सला कळलं नाही.

चौथ्या दिवशी सोमराने फोन दाराजवळ धरला.
आधी नुसता वारा, एक खंड्या,
मग लाकडाची ती जुनी कण्ह,
आणि आतलं पाणी बाहेर.
मी खाटेशी उभी. रुझारचे डोळे मिटलेले.
वाटलं, झोपला.
तेवढ्यात खेकसला:
उशीर झाला. दोन मिनिटं. खालची फळी बघ, रे.

सोमरा गळ्याइतक्या पाण्यात उतरला.
मास्तर वरून बॅटरी धरून होते,
द्रौपदीबाय त्याची चप्पल.
खालची फळी खेकड्यांनी पोखरली होती,
बोट आरपार जाई.

रात्री पंचायतीत येऊन पट उघडला.
कार्दोज, रुझार.
पुढच्या रकान्यात लिहिलं:
पाच बावीस.