उलटा हात

संध्याकाळचे सहा वाजले तरी
मानेवाड्याचा रस्ता दुपार सोडत नाही.
मी फाटकाशी वाकतो,
उलटा हात डांबरावर टेकवतो
आणि मनात मोजतो.
चारलाच हात उचलावा लागला तर फिरणं रद्द.
सातपर्यंत टिकला तर पट्टा खुंटीवरून निघतो.

पानठेल्यावरचं निमजेचं पोरगं हसतं,
"काका, रस्त्याले रोज नमस्कार काहून करता?"

काय सांगू त्याला.
पस्तीस वर्षं खांबावर काढली मी.
लाइन बंद आहे असं कागद म्हणत असला,
टेस्टरही तेच म्हणत असला,
तरी आम्ही तारेला आधी उलट्या हातानं विचारायचो.
झटका बसला तर उलटा हात मागे फेकला जातो.
तळवा मिटतो, धरून बसतो.
सहारेनं तळवा लावला होता.
त्या दिवसाबद्दल एवढंच.

आणि तर्रीला उलटा हात नाही.
चारही तळवेच.

रंगावरून तर्री. पोह्यावरची तर्री तिला बंद,
कांदा-लसूण बंद,
रविवारच्या सावजीतली नळी तर नावही काढायचं नाही.
शिजलेलं हाड फुटतं, आतडं फाडतं,
असं डॉक्टर नेवारे बाईंनी मला सांगितलं.
तिला कोण सांगणार?
ती समोर बसून डोळ्यांनी मागते,
मी भिंतीकडे तोंड करून जेवतो.
पुष्पकला म्हणते, "अख्ख्या जन्मात माझ्यासाठी
एवढं पथ्य पाळलं नाही तुम्ही."
खरं आहे.

मागच्या मे महिन्यात चुकलो.
भर बारा वाजता, कोपऱ्यापर्यंतच तर जायचं होतं,
कुलरची मोटर परत आणायला.
ती ओरडली नाही.
रस्त्याच्या मधोमध थांबली
आणि एक पाय उचल, दुसरा टेकव, तिसरा उचल,
नाचल्यासारखं करू लागली.
पोरगं हसलं.
मीही हसलो.
रात्री तिच्या तळव्याचा पापुद्रा
माझ्या बोटाला चिकटून आला.

तेव्हापासून कुलरला अर्थिंग वेगळं,
कारण गळतं पाणी ती पत्र्यावरूनच चाटते.
ओल्या जिभेला करंट कळायला वेळ लागत नाही,
उशीर आपल्याला होतो.
रेबीजच्या सुईची तारीख कॅलेंडरवर,
लाइट बिलाच्या तारखेच्या वर, लाल पेनानं.

रात्री नोकरीतला जुना हेडलाइट कपाळाला बांधून
मी तिच्या अंगावर फॉल्ट शोधतो.
कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी.
गोचीड सापडला की चिमट्यानं कातडीलगत धरायचा,
सरळ ओढायचा, पिळायचा नाही.
शेजारचे बांते म्हणाले होते, रॉकेल लावा.
बांतेंचा सल्ला बांतेंच्या अंगणातच बरा.
मग ओठ वर करून हिरड्या पाहतो.
गुलाबी.
एकदा पांढऱ्या पडल्या होत्या,
तापानं चार दिवस भाकरीकडे बघितलं नव्हतं तिनं,
आणि मी चार रात्री नेवारे बाईंच्या दवाखान्यातल्या बाकावर
सलाइनचे थेंब मोजत होतो.

आता पहाटे साडेपाच.
रस्ता गार असणार, मला ठाऊक आहे,
तरी वाकतो.
एक, दोन, तीन,
तर्रीला दम निघत नाही,
टेकलेला हात चाटते
आणि मोजणी चुकते.

पुन्हा एकपासून.